विचारलंच नाही, तर कळणार कसं?

मैत्रिणींनो, घरखर्चाची वही आपल्यापैकी बऱ्याचजणी ठेवतात. वाणी, दूध, भाजी, गॅस, शाळेची फी, विजेचे बिल असे रकाने पाडायचे आणि ज्याला रकाना नाही ते सगळे ‘किरकोळ’मध्ये ढकलायचे, ही आपली रीत. महिनाअखेरीस बेरीज करावी तर किरकोळचाच आकडा फुगलेला! पैसे गेले हे खरे, पण कुठे गेले ते काही केल्या सांगता येत नाही. ज्या खर्चाला नाव नाही त्याला आळा घालायचा तरी कसा?

सरकारी वह्यांचेही अगदी असेच असते बरं का. तिथेही रकाने असतात, आणि ज्याला रकाना नाही ते नजरेआड होते. फरक एवढाच, की तिथे नजरेआड होतात ती माणसे. म्हणून आज लोणच्याची बुरशी आणि साड्यांचे डाग बाजूला ठेवून अशाच एका रकान्याविषयी लिहायचे आहे. रकाना आहे दूर अमेरिकेतला. पण त्याची गोष्ट आपल्या उंबरठ्याच्या आतली आहे.

अमेरिकेत १९७३ पासून सरकारतर्फे एक पाहणी होते. तिचे नाव ‘नॅशनल क्राइम व्हिक्टिमायझेशन सर्व्हे’. सोप्या शब्दांत सांगायचे, तर ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांचीच विचारपूस. पोलिसांच्या दप्तरात काय लिहिले आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. निवडलेल्या घरी सरकारचा माणूस जातो किंवा फोन करतो आणि बारा वर्षांचा किंवा त्याहून मोठा जो कोणी असेल त्याला विचारतो, गेल्या सहा महिन्यांत तुमचे काही चोरीला गेले का? कोणी मारले का, धमकावले का, अंगाला हात लावला का? तसे घडले असेल, तर पोलिसांत गेलात का? आणि गेला नाहीत, तर का नाही? दर वर्षी दोन लाखांहून अधिक माणसांना हे विचारतात. कारण उघड आहे. पोलीस ठाण्याची पायरी सगळेच चढत नाहीत. जो चढला नाही त्याला मार बसलाच नाही, असे थोडेच आहे?

जुलै २०१६ पासून या पाहणीत सोळा वर्षांवरील लोकांसाठी आणखी दोन प्रश्न आले. जन्माच्या वेळी तुमची नोंद मुलगा म्हणून झाली की मुलगी? आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता? आपल्याकडे ज्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो, त्यांची तिथे या दोन प्रश्नांतून पहिल्यांदाच नीट मोजदाद होऊ लागली. मग २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांची उत्तरे एकत्र करून अभ्यासकांनी हिशेब मांडला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मारहाण, लूट, लैंगिक अत्याचार असे हिंसक प्रकार इतर लोकांत हजारी सुमारे २२ घडत होते. तृतीयपंथीयांत ते हजारी ८६ होते. म्हणजे जवळजवळ चौपट! आणि त्यातले निम्मे प्रकार पोलिसांपर्यंत पोचलेच नव्हते. हे लोक जास्त मार खातात असे आधीही म्हणणारे म्हणतच होते. आता सरकारच्याच कागदावर आकडा आला, आणि आकड्याला ‘असेल बुवा’ म्हणून टाळता येत नाही.

पुढे काय झाले? २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला, की सरकारी कामकाजात स्त्री आणि पुरुष अशी दोनच लिंगे धरायची. त्या वर्षी या पाहणीतून लिंगओळखीचे प्रश्न काढून टाकण्यात आले. कागदावरच्या दोन ओळी गेल्या. पण ज्यांना रस्त्यावर मार बसत होता, त्यांचा मार थांबला का हो? तो बसतोच आहे. फक्त तो मोजण्याची एक सोय गेली.

आता तुम्ही म्हणाल, “अहो बाई, हे सगळं अमेरिकेचं. आपल्याला त्याचं काय?”

आपल्याला त्याचे पुष्कळ काही आहे. रकाना नसणे म्हणजे काय, हे आपल्या आयांना आणि आज्यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या काळच्या वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी यायची, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’. पोलिसांच्या कागदावर तो अपघाती मृत्यू. शेजारपाजारच्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि गप्प राहायच्या. सुनांच्याच पदराला स्टोव्ह कसा धरतो, सासूच्या का नाही, हे विचारायला कागदावर जागाच नव्हती. मग बायका रस्त्यावर आल्या, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये ४९८ अ हे कलम आले. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा त्यामुळे स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीसाठी ३०४ ब आले. स्टोव्ह तोच होता, रॉकेलही तेच. कागदावर मात्र आता त्या मरणाला नाव मिळाले. २०२२ या एका वर्षात नवरा व सासरच्यांकडून झालेल्या छळाचे १,४०,०१९ गुन्हे देशभर नोंदले गेले आणि हुंडाबळींची संख्या साडेसहा हजारांच्या घरात होती. हे आकडे वाचून काटा येतो. पण ते आहेत म्हणून तर संसदेत आणि कोर्टात कुणाला जाब विचारता येतो.

बरे, पोलिसांत नोंद झाली म्हणजे सगळे कळले असेही नाही. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिच्या घरगुती मारहाणीच्या प्रश्नांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. एका घरात एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे, ती एकटी असतानाच विचारायचे, आणि मध्येच कोणी आले तर तो विषय तिथेच थांबवायचा. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी शंभरात २९ जणींनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. आणि ज्या बायकांनी असा अत्याचार सोसला होता, त्यांच्यातल्या शंभरातल्या ७७ जणींनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितले होते! म्हणजे पोलीस नाही, माहेर नाही, शेजारीण नाही. त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडले ते एका अनोळखी बाईने कागद समोर धरून विचारले तेव्हा. उद्या कोणी ठरवले, की बायकोला मारणे ही घरातली बाब, ती सरकारने कशाला विचारायची, आणि तो प्रश्न खोडला, तर या ७७ जणी पुन्हा अंधारात जातील. मार मात्र चालूच राहील.

आणखी एक आपल्या घरचाच दाखला देते. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या सुमारे ३६ कोटी बायकांची गणना ‘काम न करणाऱ्यां’त झाली होती, आणि त्याच गटात भिकारी, वेश्या व कैदी होते. २०१० मध्ये एका गृहिणीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती गांगुली यांनी या वर्गवारीवर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१९ मध्ये केंद्र सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसाचे तास कशात जातात, हे घरोघर विचारले. उत्तर आले, घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करण्यात बाईची रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि हे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. बघा, आपण दमत होतोच. पण कुणी विचारल्यावरच ते पाच तास कागदावर उमटले.

मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते, त्यामुळे रजिस्टर आणि दाखल्याचे महत्त्व रोज बघते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केले. मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि आडनाव. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईला एक शब्दाची जागा मिळायला किती वर्षे लागली, हे मनात आले की रकान्याला क्षुल्लक म्हणवत नाही.

आणि आमच्या उल्हासनगरचे म्हणाल, तर हे अख्खे गावच याद्यांवर वसले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अजून आमच्या पत्त्यांत बराकीचा नंबर असतो आणि रिक्षावाल्याला ‘कॅम्प दोन’ म्हटल्याशिवाय घर सापडत नाही. १९५१ च्या जनगणनेत निर्वासितांची वेगळी नोंद केली होती. कोण आले, कुठून आले, कधी आले हे मुद्दाम विचारले. आमच्या इमारतीतल्या सिंधी आंटींच्या सासूबाई सांगायच्या, “यादीत नाव म्हणजे छप्पर, यादीत नाव म्हणजे रेशन.” त्या वेळी सरकारने ‘भारतात राहणारे सगळे सारखेच, वेगळे काय विचारायचे’ असे म्हटले असते, तर किती लोकांना छप्पर लागते हे कुणाला कळले असते?

आता आपल्याकडच्या तृतीयपंथीयांकडे वळू. शहाड-उल्हासनगरच्या लोकलमध्ये आणि दिवाळीच्या आधी गजानन मार्केटात त्यांना आपण सगळ्याच बघतो. कुणी दहा रुपये देते, कुणी तोंड फिरवते. पण यांच्यापैकी एखादीला रात्री प्लॅटफॉर्मवर कुणी मारले, तर ती कुठे जाते, तिचे लिहून कोण घेते, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

त्यांची निराळी मोजदाद आपल्या जनगणनेत पहिल्यांदा झाली २०११ मध्ये. स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला ‘इतर’ हा पर्याय आला आणि देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. त्यात महाराष्ट्रातले ४०,८९१ होते. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी स्वतः पुढे होऊन बोलल्या होत्या. २०२० च्या तुरुंगांच्या सरकारी अहवालापासून तृतीयपंथी कैद्यांची निराळी गणती सुरू झाली, तीही प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्यावर. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीचा अर्ज तर अगदी अलीकडचा. त्यात दोनच रकाने होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर तिसरा आला. अर्ज भरता येत नाही म्हणजे नोकरी मागतासुद्धा येत नाही, इतकी साधी गोष्ट होती ती!

कायद्याचे मापही तपासून बघण्यासारखे आहे. स्त्रीवर बलात्कार झाला, तर २०१८ पासून किमान दहा वर्षांची शिक्षा. तृतीयपंथीयांसाठी २०१९ साली जो कायदा झाला, त्यात लैंगिक अत्याचारालाही सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली होती. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ‘लिंग’ या शब्दाच्या व्याख्येत तृतीयपंथीयांचा उल्लेख आला. बलात्काराचे कलम मात्र स्त्रीपुरतेच राहिले, आणि अशा काही तक्रारींसाठी पूर्वी जे ३७७ कलम वापरता यायचे ते संहितेत घेतलेच नाही. कायद्यात जागा नाही, तर पोलिसांच्या रजिस्टरात ती कुठून येणार? आणि रजिस्टरात नाही म्हणजे ‘असे गुन्हे घडतच नाहीत’ असे म्हणायला सगळे मोकळे. स्टोव्हच्या भडक्यासारखेच झाले की हे!

हा विषय मी आंटींपाशी काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे असलं घरोघर कशाला विचारायचं? पोरं ऐकतात.” शंका रास्त आहे. मी म्हटले, आंटी, नवरा मारतो का हे तरी पोरांसमोर कोण विचारतं? प्रश्न विचारण्याची रीत असते. एकटे गाठून, नीट शब्दांत, आणि उत्तर द्यायचे नसेल तर ‘नाही सांगायचे’ म्हणण्याची मोकळीक ठेवून विचारायचे असते. रीत चुकत असेल तर रीत सुधारावी. प्रश्नच खोडून टाकणे म्हणजे ढेकूण झाले म्हणून खाट जाळण्यातला प्रकार.

दुसरी शंका यापेक्षा खोल आहे. नोंद नेहमीच भल्यासाठी होते असे नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच कायद्याच्या एका भागात, उत्तरेकडच्या प्रांतांत हिजड्यांची नावे आणि मालमत्ता पोलिसांच्या रजिस्टरात चढवण्याची तरतूद होती. पारध्यांसारख्या जमातींना तर जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले आणि १९५२ पर्यंत तो शिक्का पुसला गेला नाही. तेव्हा ज्यांच्या पिढ्यांनी असली रजिस्टरे भोगली, ते आज नाव सांगायला कचरले, तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण दोन वह्यांत फरक असतो, मैत्रिणींनो. एक वही माणसावर पाळत ठेवण्यासाठी असते. तिच्यात नाव-गाव असते आणि ती पोलिसांच्या हातात असते. दुसरी वही माणसावर काय बेतले ते जाणण्यासाठी असते. तिच्यातून फक्त बेरजा बाहेर येतात. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघराचा कागद गुप्त ठेवला आहे. तो कोर्टातही पुरावा म्हणून आणता येत नाही. अमेरिकेतून जी गेली ती या दुसऱ्या वहीतली ओळ. पहिल्या वहीला भ्यावे, पण दुसरी जपावी.

‘थोडक्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला’ असेही कुणी म्हणेल. पण थोडे असतात त्यांचीच कुणी दखल घेत नाही, म्हणून तर मुद्दाम विचारावे लागते. दहा जणांच्या पंगतीत एकालाच मीठ वर्ज्य असले, तरी आपण त्याची वाटी वेगळी काढतोच ना?

मग आपण घरबसल्या काय करावे? चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट. २०२७ च्या जनगणनेसाठी असो वा दुसऱ्या एखाद्या पाहणीसाठी, प्रगणक दाराशी येतील तेव्हा ‘संध्याकाळी साहेब आल्यावर या’ असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. स्वतः बसा, काय लिहिले ते वाचून बघा. शिकवण्या, शिवणकाम, पापड, मेस, दुकानावर बसणे, जे काही करता ते सांगा. ‘काही नाही, घरीच असते’ हे वाक्य एवढ्यापुरते तरी गिळून टाका.

दुसरी गोष्ट. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आपापले उत्तर आपण देऊ द्या. सासूबाईंचे त्यांना, नणंदेचे तिला. आणि घरात एखादे मूल इतरांहून निराळे असेल, वाढत्या वयात त्याची घुसमट दिसत असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून आधीच त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. अशी कितीतरी मुले घर सोडून जातात, ती घरात कुणी विचारले नाही म्हणूनच.

तिसरी गोष्ट. पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली, तर हद्दीचे कारण ऐकून परत फिरू नका. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. लिहिलेले वाचून मगच सही करा आणि एफआयआरची प्रत मागून घ्या; ती फुकट मिळते. तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून ठेवा.

चौथी गोष्ट खरे तर सगळ्यांत सोपी. तुमच्यासमोर एखाद्या तृतीयपंथीयाला कुणी मारहाण केली, तर ‘त्यांचं ते बघून घेतील’ म्हणू नका. ११२ ला फोन करणारी तुम्ही असाल, तर एक नोंद होईल. साक्षीला एक शहाणीसुरती बाई उभी आहे म्हटल्यावर लिहून घेणाराही जरा सरळ बसतो, हे आपण आपल्या प्रकरणांत पाहिलेच आहे.

आपल्या दुःखाला कागदावर जागा मिळवायला आपल्या आधीच्या बायकांना मोर्चे काढावे लागले. ती जागा दुसऱ्या कुणाची पुसली जात असेल, तर निदान आपण तरी ‘बरे झाले’ म्हणू नये. तुम्हाला काय वाटते ते पत्राने जरूर कळवा. विरोधी मत असेल तर आधी कळवा! पुढच्या आठवड्यात वर्षभराच्या डाळींना भुंगा लागू नये म्हणून काय करावे, ते पाहू.